प्रीतिभोजन कुलपात

आमच्या चर्चच्या मंडळीच्या स्वयंपाकघराला लोखंडी दार आहे, दाराला पितळी कुलूप आहे, आणि उपकारस्तुतीच्या रविवारी दुपारी त्या कुलपाची किल्ली माझ्या कमरेला होती. आत मटणाची पातेली, भाताची घमेली, शिऱ्याची परात, सगळं तयार. बाहेर अख्खी मंडळी हात धुऊन पत्रावळींसमोर बसलेली. मी दाराला पाठ लावून खुर्ची टाकली आणि सांगून टाकलं, कुंभारीची माणसं आल्याशिवाय हे दार उघडायचं नाही.

मी मार्था रणपिसे. सगळी नोकरी वॉर्डात सिस्टर म्हणून काढली. आता निवृत्त आहे, जुळे सोलापुरात फ्लॅट आहे, आणि मंडळीच्या महिला मंडळाचं अध्यक्षपद आहे, जे दुसरं कुणी घेत नाही. आमचे हे, सत्यानंद रणपिसे, मंडळीचे सेक्रेटरी. घरात माझं चालायचं आणि चर्चमध्ये त्यांचं, असा आमचा लग्नापासूनचा करार आहे. त्या रविवारी तो मोडला.

नाव मार्था असल्यामुळे जन्मभर एकच विनोद ऐकत आले. बेथानीची मार्था स्वयंपाकघरात खपत बसली आणि तिची बहीण मरीया प्रभूच्या पायाशी बसली, तेव्हा बाई, ठेवा ती भांडी आणि या उपासनेला. असा विनोद करणारे नंतर त्याच भांड्यांतलं दोनदा मागून घेतात.

उपकारस्तुती म्हणजे आमचा हंगामाचा सण. पीक आता आमच्यापैकी कुणाच्याच घरी येत नाही. फ्लॅटच्या गॅलरीत कढीपत्ता आला तरी आम्ही शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो. पण वेदीपुढे ऊस, ज्वारीची कणसं, भोपळे मांडायचे, देवाचे उपकार मानायचे आणि मग सगळ्यांनी मिळून जेवायचं, ही रीत आमच्या आजा-पणजांपासून चालत आली आहे. त्या जेवणाला प्रीतिभोजन म्हणतात. नाव फार चांगलं आहे. गेल्या वर्षी त्या नावाला आम्ही काळं फासलं.

आमच्या मंडळीतली काही घरं कुंभारीला राहतात, कामगारांच्या वसाहतीत. बायका विड्या वळतात, बाप्ये यंत्रमागावर नाहीतर बांधकामावर. आपल्याला रविवारची सुट्टी, त्यांना नाही. दुपारी पाळी सुटली की टमटममध्ये बसून ती माणसं येणार, तोवर आमची उपासना संपलेली. गेल्या वर्षी ती आली तेव्हा आमची माणसं बडीशेप खात होती. पातेल्यांत मटणाचा रस्सा होता, मटण नव्हतं. भात खरवडून निघाला. शिरा नव्हताच. एक बाई म्हणाली, अरेरे, थोडं आधी यायचं ना. कोंडीबा कारंडे नावाचे एक वयस्कर गृहस्थ आहेत त्यांच्यात, बांधकामावर गवंडी. ते म्हणाले, असू दे की, आमी काय जेवायला आलो न्हाय. ती माणसं परत गेली आणि वर्षभर इकडे फिरकली नाहीत. मी तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला होते, म्हणून हे मला नंतर कळलं. ऐकलं तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही झाली.

आमच्या यांना विचारलं तर हे म्हणाले, अंदाज चुकला गं, हिशेबात बसलं नाही. म्हटलं, बडीशेप कशी बसली हिशेबात?

एक शरणम्मा तेवढी येत राहिली. ती अक्कलकोटकडची. घरात कानडी, बाहेर मराठी आणि रागावली की दोन्ही. तिच्या घरी दर बुधवारी बायकांचा बायबल अभ्यास असतो, तिथे मी जाते. मी वाचते, त्या सुपातली पानं कातरता कातरता ऐकतात आणि मला अडवतात. अडवतात हे महत्त्वाचं. जुळे सोलापुरातल्या अभ्यासात कुणी अडवत नाही, सगळे चहाची वाट बघत असतात.

सणाच्या आधीच्या बुधवारी मी करिंथकरांस पहिलं पत्र काढलं, अकरावा अध्याय. आमचे पाळक, म्हणजे पाद्री, प्रभुभोजनाच्या वेळी, वेदीपुढे भाकर आणि द्राक्षरस वाटताना, नेहमी याच अध्यायातलं वाचतात. तेविसाव्या वचनापासून सुरू करतात, प्रभूला धरून दिलं गेलं त्या रात्री त्याने भाकर घेतली तिथून, आणि सव्विसाव्याला थांबतात. याच्या आधीचे पाळक तसंच करायचे, त्यांच्या आधीचेही. आम्हा सगळ्यांना ती चार वचनं तोंडपाठ आहेत. मीही सवयीने तिथूनच सुरुवात केली.

"सिस्टरबाई, मदनंच का सुरू करताव?" शरणम्मा म्हणाली. "वरनं वाचा की."

मग मी वरून, सतराव्या वचनापासून वाचलं, आणि वाचताना मलाच कानकोंडं झालं. तिथे पत्र लिहिणारा पौल त्या करिंथच्या मंडळीला चांगला फैलावर घेतो. तुमचं एकत्र येणं भल्यासाठी नाही, वाइटासाठी होतंय, म्हणतो. जो तो आपलं आधी उरकून घेतो. एक उपाशी बसतो आणि एक पिऊन तर्र होतो. तुम्हाला खायला-प्यायला घरं नाहीत काय? की ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्हाला लाजवायचं आहे? मग मधे ती आपली ओळखीची चार वचनं येतात, आणि अध्यायाच्या शेवटी तो सांगतो, म्हणून जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. आणि कुणाला भूक लागली असेल तर त्याने घरी खावं.

सुपं थांबली होती. कोंडीबांची बायको वच्छला म्हणाली, "ह्ये तर आमचंच लिवलंय की वो."

"मग पाळक ह्ये का वाचत न्हाईत?" शरणम्माने विचारलं.

मी बायबल मिटून पिशवीत टाकलं. खरं म्हणजे उत्तर सोपं होतं. तेविसाव्या वचनात प्रभू जेवायला बसलाय, ते सगळ्यांना आवडतं. बाविसाव्यात आपण बसलोय.

निघताना शरणम्मा कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. "बाई," ती म्हणाली, "औंदा मी समद्यास्नी घिऊन येनार हाय. लई मिनतवाऱ्या केल्या मी. कोंडीबा तर न्हायच म्हनत हुते. मी शब्द दिलाय त्यास्नी, की औंदा तसं व्हनार न्हाय. पर औंदा बी खरवडलेली पातेली दिसली, तर ही मानसं पुना तुमच्या चर्चात पाय टाकायची न्हाईत. आन मला बी त्यांच्यात तोंड दाकवायला जागा ऱ्हानार न्हाय."

मी म्हटलं, तुझा शब्द तो माझा शब्द. म्हणून टाकलं आणि रिक्षात बसल्यावर मग विचार केला, आपल्या हातात आहे काय. तेव्हा लक्षात आलं की स्वयंपाकघर आहे.

तरी मी आधी सरळ मार्गाने गेले, हे नोंदवून ठेवते. पाळकसाहेबांना भेटले. आमचे पाळक तरुण आहेत, मोहोळकडचे, मनाने चांगले, पण कमिटीपुढे त्यांचा आवाज बसतो. ते म्हणाले, "बघू मावशी, कमिटीत मांडतो." कमिटीने ठरवलं की प्रमुख पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं असल्यामुळे जेवण वेळेवर व्हावं. घरी यांना म्हटलं, तर हे म्हणाले, वेळेवर येणाऱ्यांनी शिक्षा का भोगायची? मी म्हटलं, बरं. माझं 'बरं' यांना इतक्या वर्षांत ओळखता यायला हवं होतं.

रविवारी पहाटेपासून आम्ही बायका राबलो. उपासना झाली, प्रभुभोजन झालं. पाळकसाहेबांनी तेविसाव्यापासून सव्विसाव्यापर्यंत वाचलं. मी शेवटच्या स्तोत्राला उठले, मागे गेले, पाळकीणबाईंना आणि बाकीच्या बायकांना बाहेर काढलं, आणि कुलूप लावलं. पाळकीणबाईंनी विचारलं, मार्थाकाकू, काय झालं? म्हटलं, काही नाही, प्रीतिभोजन आहे ना, प्रीती पोचायची आहे.

आधी कुणाला कळलंच नाही. पंगती मांडल्या गेल्या, मीठ वाढलं गेलं, लोक बसले. मग वाढपी पोरं माझ्यापाशी येऊन उभी राहिली. मग हे आले.

"अगं मार्था, कुलूप का?"

"कुंभारीची माणसं यायचीत."

"अगं पण ती येतील तेव्हा येतील."

"तेव्हाच उघडीन."

यांनी इकडेतिकडे बघितलं. भांडण चर्चमध्ये करायचं नाही ही यांची शिस्त आहे, त्यामुळे मला तिथे भांडणं सोपं जातं. हे खाली वाकून हळू म्हणाले, "हे बघ, तुझं म्हणणं मला पटलंय. दोन पातेली त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवू. झाकून. तूच काढ, हवं तितकं मटण घाल. मग तर झालं?"

खरं सांगते, क्षणभर मी घुटमळले. वाईट नव्हतं ते. गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी बरं होतं. कुणी उपाशी राहणार नव्हतं, पाहुणे वेळेवर जाणार होते, माझा शब्दही पाळला गेला असता. पण पुस्तकात 'काढून ठेवा' लिहिलेलं नाही. 'वाट पाहा' लिहिलंय.

"नाही," मी म्हटलं.

"अगं, रोज मी उशिरा येतो, तेव्हा तू ताट झाकून ठेवतेसच ना? त्यात मला अपमान वाटतो का?"

"रोजचं ताट झाकते. नातवाच्या वाढदिवसाला तुम्ही फाटकापाशी पोचायच्या आधी केक कापला तर चालेल?"

दुसरं कुणी असतं तर आवाज चढवला असता. हे गेले आणि पाळकसाहेबांना घेऊन आले, म्हणजे पाठोपाठ कमिटीही आली.

कमिटीतल्या एकाने मला बेथानीच्या मार्थाची गोष्ट सांगितली. दुसऱ्याने सांगितलं की देव अव्यवस्थेचा देव नाही. तिसरे म्हणाले, बाई, तुम्ही अख्ख्या मंडळीला वेठीला धरताय. मी म्हटलं, धरतेय. चौथ्यांनी तर कमालच केली. ते म्हणाले, त्या लोकांना सवय असते उशिरा जेवायची. मी खुर्चीतून उठले. नोकरीत असताना माझ्या उठण्याला वॉर्डबॉय घाबरायचे, डॉक्टरही थोडे घाबरायचे. मी त्यांना म्हटलं, सवय नसते हो, पाळी असते. तुमच्या पोटाला जशी घड्याळाची सवय आहे तशी त्यांच्याही पोटाला आहे, फक्त त्यांना सुपरवायझर आहे. ते मागे सरकले आणि नंतर दिसले नाहीत.

प्रमुख पाहुण्यांच्या पत्नी तेवढ्यात लगबगीने आल्या. साहेबांना मधुमेह आहे, इन्शुलिन घेऊन झालंय. हे मात्र खरं संकट होतं. मी विचारलं, किती वेळ झाला घेऊन? त्यांनी सांगितलं. मी कुलूप उघडलं, आत गेले, मागोमाग कुणी आत शिरू नये म्हणून पाळकीणबाईंना दारात उभं केलं, आणि दोन भाकरी आणि वरण घेऊन आले. साहेबांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, साहेब, तुम्ही खा. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या, दिवशी विहिरीत पडलेला बैलसुद्धा बाहेर काढायचा असतो. बैल म्हटल्यावर साहेबांच्या पत्नीचा चेहरा बदलला, पण साहेब हसले आणि खायला लागले. लहान लेकरांना केळी आणि पाव वाटले. वेदीपुढची केळी होती. देवाला चालली असतील असं मी धरून चालले.

मग एकदम मंडळीत मधुमेहाची साथ आली. ज्यांनी सकाळी माझ्यासमोर साखरेचा चहा दोन कप घेतला होता, त्यांनाही चक्कर येऊ लागली. मी सगळ्यांना म्हटलं, माझ्या पर्समध्ये ग्लुकोमीटर आहे, या, बोट पुढे करा. साथ ओसरली.

पण लोक चिडले होते, आणि चुकीचे नव्हते चिडले. भूक ही भूक असते. म्हाताऱ्या बायका होत्या, सणासाठी आदल्या रात्री हलकं जेवलेल्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एक तरुण मुलगी, ऋतुजा, माझ्याच हाताखाली संडे स्कूल शिकलेली, येऊन म्हणाली, "काकू, आम्ही काय केलंय? गेल्या वर्षी मी तर वाढायला होते, जेवलेसुद्धा नव्हते." मी तिचा हात धरला. म्हटलं, तू काही केलेलं नाहीस बाळ. माझ्याजवळ बस. ती बसली नाही, आणि ते मला फार लागलं.

शरणम्माला फोन लावला. लागला नाही. परत लावला. स्विच ऑफ. पाळी सुटून किती वेळ होऊन गेला होता. आता मला भीती वाटू लागली. माणसं यायचीच नसतील तर? कोंडीबांनी ऐन वेळी नाही म्हटलं असेल, शरणम्मा कुणाकुणाच्या दारात उभी असेल, आणि मी इथे रिकाम्या रस्त्यासाठी अख्खी मंडळी उपाशी ठेवलीय. पण किल्ली द्यायची तर माझा हात पुढे होईना. म्हटलं, देवा, आज माझी फजिती करायची तर कर, पण त्या माणसांना आण.

पाळकसाहेब एकटेच परत आले. "मावशी, शांतीसाठी तरी."

"पाळकसाहेब, शांती हवी असेल तर एक करा. अकरावा अध्याय सतराव्या वचनापासून शेवटपर्यंत वाचून दाखवा. सकाळी अर्धाच झालाय. उरलेला वाचा, मग लोकांनी मागितली तर किल्ली देते."

त्यांनी खिशातून छोटं बायबल काढलं आणि तिथेच उभं राहून मनातल्या मनात वाचू लागले. वाचताना त्यांचे कान लाल झाले. त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही, सेमिनरीत शिकलेत. पण भुकेल्या पंगतीसमोर उभं राहून कधी वाचलं नव्हतं. ते पंगतींच्या मधोमध गेले आणि मोठ्याने वाचायला लागले. कमिटीपुढे बसणारा तो आवाज त्या दिवशी बसला नाही.

उपाशी माणसाला शास्त्र ऐकवू नये म्हणतात. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा बघितलं की अख्खी मंडळी वाचन ऐकतेय. कुणी कूस बदलत नव्हतं. "जे गरीब आहेत त्यांना लाजवता काय" इथे ते थांबले, आणि गेल्या वर्षी 'थोडं आधी यायचं ना' म्हणणारी बाई पदराशी चाळा करू लागली. "एकमेकांची वाट पाहा" वाचून त्यांनी वर बघितलं. मग पुढचंही वाचलं, भूक लागली तर घरी खावं.

यावर दोन कुटुंबं उठली. आम्ही हॉटेलात जातो, म्हणाली. मी म्हटलं, जा, तेही लिहिलेलंच आहे, कुणाला राग नाही. गाड्या गेल्या. बाकीचे बसून राहिले, दुसरा कार्यक्रम सोडून प्रमुख पाहुणेसुद्धा. किल्ली कुणी मागितली नाही. पटलं म्हणून मागितली नाही की लाज वाटली म्हणून, ते मी विचारलं नाही. ऋतुजा हळूच येऊन माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली.

दोन टमटम आल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पुढच्या टमटममधून शरणम्मा उतरली, लग्नाला आल्यासारखी नवी साडी नेसून. मागून वच्छला, लेकरं, बाप्ये, आणि सगळ्यांत शेवटी धुतलेलं पांढरं धोतर नेसलेले कोंडीबा. फाटकात येऊन ती सगळी थबकली. अख्खी मंडळी पत्रावळींसमोर बसलेली, पत्रावळींवर नुसतं मीठ, आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर.

माझे डोळे भरून आले होते, ते मी लपवलं नाही. किल्ली यांच्या हातात दिली. म्हटलं, उघडा आता. शरणम्माकडे गेले आणि म्हटलं, "अगं, किती उशीर? चल, बसवून घे सगळ्यांना."

शरणम्मा जागची हलली नाही. तिने कोंडीबांकडे बघितलं.

"आमी जेवून आलोय," कोंडीबा म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "जेवून?"

"व्हय. जेवून निगालो, म्हनून तर उशीर झाला. भाकरी-पिठलं केलं हुतं बायकांनी. उपकार मानायला आलोय, जेवायला न्हाय." त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "वच्छला बुदवारी सांगत आली, पुस्तकात लिवलंय, भूक लागली तर मानसानं घरी खावं. मला ते पटलं. म्हनलं, शरणम्माचा बी शब्द ऱ्हातो, आपला बी मान ऱ्हातो. पुना कुनी म्हनायला नको की ही मानसं मटनासाठी येत्यात."

"मी लई सांगितलं, बाई," शरणम्मा पुटपुटली. "ऐकत न्हाईत. फोनची ब्याटरी बी गेली."

एकाच अध्यायातली शेजारशेजारची दोन वचनं. एक मी धरून बसले होते, दुसरं ते. आणि त्यांचा हट्ट माझ्यापेक्षा खरा होता, कारण मी दुसऱ्यांच्या भुकेवर बसले होते आणि ते आपली भूक घरी मिटवून आले होते. माझ्या मागे कुणीतरी सुस्कारा टाकला. कमिटीतलं कुणीतरी म्हणालं, बरं झालं, मग यांना वाढायला उभं करा, आम्ही जेवून घेतो. मी वळून त्या दिशेने फक्त बघितलं. कुणी म्हटलं ते अजून मला कळलेलं नाही.

माझ्यावर अशी वेळ क्वचित येते. खाऊन आलेल्या माणसाला, आता परत खा, कशी म्हणणार? तुमच्यासाठी थांबलो म्हणून सांगावं, तर ते उपकार दाखवल्यासारखं. आणि उपकाराचं जेवण नको म्हणूनच तर ती घरून जेवून आली होती.

कोंडीबा पंगतींकडे बघत होते. पत्रावळींवरचं मीठ, कोरडे द्रोण, लेकरांनी टाकलेल्या केळांच्या साली. मग त्यांनी यांना विचारलं. हे किल्ली हातात घेऊन दाराशी तसेच उभे होते.

"सायेब, तुमी समदी जेवला न्हाय व्हय अजून?"

आता हे खरं सांगू शकले असते. माझ्याकडे बोट दाखवून, ही बाई दारात बसली होती, म्हणू शकले असते. सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कुणी हसलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण यांनी पायातल्या चपला काढल्या, तशी काही गरज नव्हती.

"नाही जेवलो," हे म्हणाले. "तुमची वाट बघत होतो."

"समदी?"

"दोन घरं गेली निघून. बाकी सगळी." यांनी किल्ली मुठीत धरली. "गेल्या वर्षी बघितली नाही. चूक झाली आमची."

कोंडीबांनी वहाणा काढून भिंतीशी लावल्या. पहिल्या पंगतीत प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी जागा होती, तिथे जाऊन धोतर सावरत मांडी घातली, आणि पत्रावळ पुढे ओढली.

"मग वाढा की," ते म्हणाले.